एक अपघात, चार प्रश्न
(हीरकमहोत्सवानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



बेंगळुरूच्या तुमकुरू रस्त्यालगतचे पीण्या औद्योगिक क्षेत्र देशातील मोठ्या औद्योगिक वसाहतींत गणले जाते. लेथ, प्रेस, ओतकाम असे असंख्य लहान-मोठे कारखाने तेथे आहेत. आयटीआयचे प्रमाणपत्र घेऊन दूरदूरचे तरुण तेथे रुजू होतात. अशा एखाद्या तरुणाचा हात प्रेसमध्ये सापडला असे समजा. घटना एकच, परंतु कायद्याची प्रत्येक शाखा तिला निराळा प्रश्न विचारते.

फौजदारी कायदा विचारतो : हा गुन्हा आहे काय? शिक्षेने माणसाचे स्वातंत्र्य जाते. म्हणून आरोपीला निर्दोष मानूनच खटला चालतो आणि गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. एकाच गुन्ह्याबद्दल दोनदा शिक्षा नाही, स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही, हे संविधानाच्या अनुच्छेद 20 चे अभिवचन आहे.

दिवाणी कायदा विचारतो : हानी कोणी भरून द्यावी? तेथे कोणाची बाजू अधिक संभाव्य, एवढेच तोलले जाते.

कामगार कायदा विचारतो : इजा काम करताना झाली काय? मालकाची चूक सिद्ध न करताही भरपाई मिळावी, हे तत्त्व 1923 च्या कायद्याने आपल्याकडे रुजवले. पुढे 1948 च्या कायद्याने ईएसआय विम्याचे छत्र आले. एकाच इजेची भरपाई मात्र दोनदा घेता येत नाही.

चौथा प्रश्न शिस्तभंगाचा. यंत्राचे संरक्षक कवच कामगारानेच काढले, असा ठपका आला तर? येथे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व उभे राहते : म्हणणे ऐकल्यावाचून कोणालाही दोषी ठरवू नये आणि स्वतःच्या प्रकरणात कोणी न्यायाधीश होऊ नये.

पीण्यापासून फार दूर नसलेल्या कोलारच्या सुवर्णखाणीतील एक प्रकरण या संदर्भात मननीय आहे. 1985 मध्ये तेथील एका सुरक्षा अधिकाऱ्यावर घरी सोने सापडल्याचा आरोप झाला. निलंबनकाळातील निर्वाह भत्ता न मिळाल्याने प्रवासापुरतेही पैसे त्याच्यापाशी नव्हते. त्याच्या गैरहजेरीतच चौकशी उरकली आणि नोकरी गेली. फौजदारी न्यायालयाने पुढे त्याला निर्दोष सोडले. अखेर 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला पुन्हा कामावर घेण्याचा आदेश दिला. ज्याला येण्याचीच ऐपत उरू दिली नाही, त्याला धाडलेले बोलावणे म्हणजे सुनावणी नव्हे, हा त्या निकालाचा आशय. न्याय मिळाला, पण मधली चौदा वर्षे परत आली नाहीत.

म्हणूनच, विद्यार्थी मित्रहो, नोकरीच्या पहिल्याच दिवशी नेमणूकपत्र मागून घ्यावे आणि ईएसआय क्रमांक जपून ठेवावा. कागद कन्नडमध्ये असो वा इंग्रजीत, त्यातला मजकूर समजून घेतल्याशिवाय सही करू नये. अपघातानंतर तर कोऱ्या कागदावर मुळीच नाही. मातृभाषेत शिकलेल्या मुलाला ‘याचा अर्थ काय?’ असे विचारण्याचा संकोच वाटू नये. तो प्रश्न विचारण्याचे बळ देणे, हे शाळेचेच काम आहे.