उतारावरील वस्ती आणि शिक्षकाचे कार्य
(कासुर्डी येथील शिक्षकांपुढील भाषण)



कासुर्डीसारख्या गावी दरडीविषयी बोलणे प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. पुणे-सोलापूर मार्गालगतचा हा मुलूख सपाट आणि पाऊस बेताचा. दक्षिणेस भुलेश्वराची डोंगररांग दिसते. परंतु ती अंगावर येईल या भीतीने येथे कोणाची झोप मोडत नाही. येथील चिंता पावसाच्या अतिरेकाची नसून त्याच्या अभावाची आहे. तथापि शाळेचे क्षेत्र गावाच्या शिवेपाशी संपत नाही. पोटासाठी पुण्यामुंबईस जाणारी कुटुंबे तेथे कोठे राहतात, याचा विचार केला म्हणजे विषयाची निकड ध्यानात येते. शहरात सपाट जागा धनिकास मिळते. गरिबाच्या वाट्यास टेकडीचा उतार येतो. पुण्यात पर्वतीच्या उतारावरील जनता वसाहत, मुंबईत घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, चेंबूर येथील टेकड्यांवरील दाट वस्त्या ही त्याची उदाहरणे होत. शिवाय जिल्हा परिषदेचा शिक्षक आज दौंड-शिरूरच्या माळावर, तर बदलीनंतर आंबेगाव किंवा मुळशीच्या डोंगरात असू शकतो.

आपल्या जिल्ह्यास या संकटाची ओळख ३० जुलै २०१४ रोजी झाली. त्या पहाटे आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले व १५१ माणसे मृत्युमुखी पडली. नेहमीप्रमाणे आलेल्या एस. टी. च्या चालकास गावच दिसेना, तेव्हा ही वार्ता बाहेर कळली. २०२१ साली २२ जुलै रोजी महाड तालुक्यातील तळिये गावी ऐंशीहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती आले व ५७ जणांचा शोध लागलाच नाही. ही वाडी शासनाच्या दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. यादी आवश्यक असते; परंतु यादीत नाव नाही म्हणून निश्चिंत राहणे धोक्याचे ठरते.

शहरांचा अनुभव वेगळा नाही. १२ जुलै २००० रोजी घाटकोपरच्या आझादनगर येथे टेकडीचा भाग खचून साठांहून अधिक जीव गेले. १८ जुलै २०२१ रोजी चेंबूरच्या भारतनगरात दरडीबरोबर भिंत घरांवर पडून १९ माणसे दगावली.

दरड कोसळते ती का? उतारावरील माती आपल्या कणांतील घर्षणाने टिकून असते. पाणी मुरू लागले म्हणजे मातीचे वजन वाढते, कणांमधील पोकळ्या भरतात आणि आतील पाण्याचा दाब कणांची पकड सैल करतो. घरासाठी पायथा खोदला, झाडे तोडली, केरकचऱ्याने ओहोळ बुजविला, तर संकट अधिक जवळ येते. पाऊस आकाशातून येतो हे खरे. पण उतारावर त्यात छपरांचे पाणी, मोरीचे सांडपाणी आणि फुटक्या नळाचे पाणी यांची भर माणूस घालतो.

येथे पाचवीच्या वर्गास साजेसे एक गणित आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. २० चौरस मीटरच्या पत्र्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर २,००० लिटर पाणी जमा होते. अशी शंभर घरे असल्यास दोन लक्ष लिटर! हे पाणी पन्हाळीतून पक्क्या गटारात गेले तर उतार वाचतो. घरामागे मुरले तर तोच उतार पोखरतो.

या साध्या तत्त्वावर कॅरिबियन समुद्रातील सेंट लुशिया बेटावर २००४ पासून काम झाले. ब्रिस्टल विद्यापीठाच्या अभ्यासकांनी वस्तीतील रहिवाशांनाच बरोबर घेऊन पाणी कोठे मुरते याचे नकाशे काढले आणि वस्तीतीलच माणसांच्या हातून गटारे बांधली. २०१० साली टॉमस चक्रीवादळाची अतिवृष्टी झाली, तेव्हा ज्या उतारांवर हे काम झाले होते ते टिकून राहिले. कोलंबिया देशातील मेडेलिन शहरात १९८७ साली सुमारे पाचशे माणसे दरडीखाली गेली होती. त्याच शहराच्या डोंगरी वस्त्यांत अलीकडे रहिवासी ठरावीक जागांची भ्रमणध्वनीवर नियमित छायाचित्रे घेतात, भेगा वाढल्या काय हे ताडून पाहतात आणि सामुदायिक श्रमाने गटारे दुरुस्त करतात. श्रमदान व सफाई मोहिमा जाणणाऱ्या महाराष्ट्रास ही रीत परकी वाटू नये.

शाळेने काय करावे? मुलांना खुणा ओळखावयास शिकवावे. जमिनीस वा भिंतीस नवी भेग पडणे, दारे अकस्मात घट्ट बसणे, विजेचा खांब अथवा झाड कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, संरक्षक भिंत फुगणे किंवा तिची पाणी निघण्याची छिद्रे बुजणे, ही सारी पूर्वसूचना होय. भेगेच्या दोन्ही बाजूंस खुणा करून मधले अंतर पट्टीने मोजावे व तारखेसह वहीत नोंदवावे; मोजमापाचा याहून सार्थ पाठ कोणता? पावसाळ्यापूर्वी गटारे मोकळी करणे, रात्रीच्या पहाऱ्याची पाळी ठरविणे आणि सुरक्षित जागा आधीच निवडून तेथवर चालून पाहणे, ही कामे पालकसभेत ठरावीत. परगावी निघालेल्या कुटुंबाच्या मुलास दाखला देताना एवढे अवश्य सांगावे, की घर घेताना मागचा उतार पाहा.

मात्र एक मर्यादा शिक्षकाने स्वच्छ सांगितली पाहिजे. गटाराने उथळ माती सावरते. खोलवर सुटलेला डोंगर सावरत नाही. भेग रुंदावत असेल तर मोजीत बसू नये. माणसांनी घर सोडावे आणि जिल्ह्याच्या १०७७ या क्रमांकावर कळवावे. तसेच लोकांनी पुढाकार घेतला म्हणून महानगरपालिका किंवा शासन यांची जबाबदारी सरत नाही. भिंत, पुनर्वसन आणि सुरक्षित घर ही त्यांचीच कर्तव्ये आहेत. लोकांच्या वहीतील तारीखवार नोंदी मात्र ती मागणी बळकट करतात.

उतारावर राहणारा माणूस अज्ञानाने तेथे राहत नाही, नाइलाजाने राहतो. त्यास दोष देऊन त्याचे घर सुरक्षित होणार नाही. पाणी कोठे जाते हे पाहण्याची दृष्टी आणि वेळीच निघण्याचा निश्चय त्याच्या मुलास शाळेत मिळाला, तर एखाद्या पावसाळी रात्री तेच मूल सर्वांना जागे करील. तेवढ्यासाठी हा विषय कासुर्डीच्या वर्गातही शिकविण्याजोगा आहे.