शिवीची केस होते का?

चुलीपुढे बसून ऐकणाऱ्यांना, शेतात मोबाईल कमरेला खोचून ऐकणाऱ्यांना आणि गटाच्या बैठकीत एकत्र बसून ऐकणाऱ्या सगळ्यांना रामराम.

आजचा विषय मला एका बचत गटाच्या बैठकीत मिळाला. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या, बाया उठायला लागल्या. तेवढ्यात एक जण हळूच म्हणाली, "ताई, एक विचारू का? शिवीची केस होते का?"

झालं होतं असं. नळावर पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं. गावातल्या एका माणसाने तिला चार लोकांत नको नको ते ऐकवलं, तिच्या चारित्र्यावर गेला. ती धीर करून पोलीस ठाण्यात गेली. काय झालं विचारल्यावर म्हणाली, "तो मला घाण घाण बोलला." तिला एक कागद मिळाला. केस झाली असं समजून तिने तो देवघरात जपून ठेवला. चार महिने गेले, कुणी चौकशीला आलं नाही. तो माणूस नळावर तिच्याकडे बघून हसतो. कागद मी पाहिला. ती एन.सी. होती, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद.

तर शिवीची केस होते का? होते. पण कुठल्या शिवीची, कुणासमोर दिलेल्या, कुठल्या हेतूने दिलेल्या, हे कायदा विचारतो. आणि प्रत्येक देशाचा कायदा वेगळं विचारतो. म्हणून आधी जरा जगात फिरून येऊ, मग आपल्या गावात परत येऊ.

जपानमध्ये हाना किमुरा नावाची २२ वर्षांची कुस्तीपटू होती. टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात ती दिसायची. त्यातल्या एका प्रसंगावरून मोबाईलवर लोकांनी तिला इतकं वाईट लिहिलं की मे २०२० मध्ये तिने आपला जीव संपवला. लिहिणाऱ्यांपैकी दोघांना शिक्षा झाली. किती? प्रत्येकी ९,००० येन दंड. आपल्या पाचसहा हजार रुपयांच्या आसपास. कायद्यात अपमानाला तेवढीच किंमत होती. हानाची आई क्योको किमुरा स्वतःही कुस्तीपटू होती. ती गप्प बसली नाही. कायदा बदला म्हणून ती लोकांपुढे आणि सरकारपुढे बोलत राहिली. जुलै २०२२ पासून तिथे अपमानाच्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा तीन लाख येनपर्यंत दंड अशी शिक्षा झाली.

दंड हलका असला की काय होतं, याची एक फार जुनी गोष्ट रोममध्ये सांगत. तिथल्या प्राचीन कायद्यात दुसऱ्याला मारून त्याची बेइज्जती केली, तर २५ नाणी दंड ठरलेला होता. एक श्रीमंत माणूस रस्त्याने जाताना गंमत म्हणून लोकांच्या थोबाडीत मारायचा. मागून त्याचा गुलाम पैशांची पिशवी घेऊन चालायचा आणि प्रत्येकाला जागच्या जागी २५ नाणी मोजून द्यायचा. अखेर ठरलेला दंड बाजूला पडला आणि अपमान केवढा, ते पाहून रक्कम ठरवायला सुरुवात झाली. आपल्याकडेही "भरतो की दंड, काय करायचं ते कर" म्हणणारे आहेतच.

जर्मनीत तर माणसाची अब्रू ही कायद्याने जपायची वस्तू आहे. तिथे नुसता अपमान हाही गुन्हा आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, आणि चारचौघांत केला तर दोन वर्षांपर्यंत. जर्मन भाषेत आपल्यासारखंच 'तू' आणि 'तुम्ही' वेगळं आहे. पोलिसाला मुद्दाम अरेतुरे केलं म्हणून लोक तिथे कोर्टात उभे राहिले आहेत. कुणाला दंड झाला, कुणी सुटला. पण ज्याचा अपमान झाला त्याने स्वतः तक्रार करायला हवी, तीही तीन महिन्यांत. दोघांनी एकमेकांना तिथल्या तिथे शिव्या दिल्या असतील, तर न्यायाधीश दोघांनाही शिक्षा माफ करू शकतात. आणि सरकारी वकिलाने खटला घेतला नाही, तर स्वतः कोर्टात जाण्याआधी बहुतेक वेळा मध्यस्थापुढे समेटाचा प्रयत्न करावा लागतो. आपल्या तंटामुक्त गाव समितीसारखंच म्हणा ना.

इंग्लंडचं उलटं आहे. तिथे नुसता अपमान हा गुन्हा नाही. रस्त्यावरची शांतता बिघडू नये, एवढीच कायद्याला काळजी. तिथल्या १९८६ च्या कायद्याच्या एका कलमात 'धमकी, शिवीगाळ किंवा अपमान' असे शब्द होते. त्यातला 'अपमान' हा शब्द फार ताणला जायला लागला. एक विद्यार्थी पोलिसांच्या घोड्याबद्दल काहीतरी बोलला म्हणून त्यालाही पकडलं होतं! मग लोकांनी मोहीम चालवली. आपली पोरं टीव्हीवर ज्या मिस्टर बीनला हसतात, ते नट रोवन ॲटकिन्सनही त्यात होते. २०१४ मध्ये तो शब्द त्या कलमातून निघाला. धमकी आणि शिवीगाळ मात्र राहिली.

आणि थायलंडमध्ये राजाचा अपमान केला तर एका गुन्ह्याला तीन ते पंधरा वर्षं कैद. लोकांनी मोबाईलवर टाकलेल्या मजकुरासाठी तिथे कित्येक वर्षांच्या शिक्षा भोगल्या आहेत. म्हणजे अपमानाचा कायदा दुबळ्याची ढाल होऊ शकतो, तसाच मोठ्यांच्या हातची काठीही होऊ शकतो. म्हणून असा कायदा दिसला की विचारायचं, हा कुणाची अब्रू राखतोय?

आता आपल्याकडे या. आपला जुना दंडविधान कायदा १८६० चा, इंग्रजांनी केलेला. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, पण हे कलम जवळपास तसंच आहे. पूर्वीचं ५०४, आताचं ३५२. मुद्दाम अपमान करून समोरच्याला इतकं चिडवायचं की त्याने शांतता मोडावी, हा गुन्हा. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. नीट ऐका. हे कलम तुमचं मन राखत नाही, रस्त्यावरची शांतता राखतं. शिवाय हा गुन्हा अदखलपात्र आहे. पोलीस नोंद करतात, पण न्यायाधीशांच्या हुकुमाशिवाय तपास करू शकत नाहीत. पुढे कोर्टात आपण जायचं. आपल्या मैत्रिणीचा देवघरातला कागद म्हणजे नेमकी एवढीच नोंद होती.

पण बाईला आणखी दारं आहेत. ती कुठली, हे माहीत असायला हवं.

पहिलं दार, कलम ७९, पूर्वीचं ५०९. बाईच्या लज्जेचा अपमान करायच्या हेतूने कुणी शब्द बोलला, आवाज काढला, हातवारे केले किंवा काही दाखवलं, तर तीन वर्षांपर्यंत साधी कैद आणि दंड. हा दखलपात्र गुन्हा आहे. म्हणजे पोलिसांना एफआयआर घ्यावा लागतो, तो बाई अधिकाऱ्याने लिहून घ्यायचा असतो, आणि त्याची प्रत तुम्हाला फुकट मिळते. ठाण्यात घेतला नाही, तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पोस्टाने पाठवता येतो.

"एवढ्याशा गोष्टीची कसली केस?" असं ऐकायला मिळतंच. रूपन देओल बजाज या मोठ्या सरकारी अधिकारी होत्या, त्यांनाही ते ऐकावं लागलं. १९८८ मध्ये चंदीगडच्या एका मेजवानीत पंजाबचे पोलीस प्रमुख के. पी. एस. गिल त्यांच्याशी अतिप्रसंगाने वागले. उच्च न्यायालयाने तक्रार रद्द केली. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९९५ मध्ये त्या न्यायालयाने सांगितलं की ही क्षुल्लक गोष्ट नाही, खटला चालवा. गिल दोषी ठरले आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो दोष कायम ठेवला. सतरा वर्षं लागली. सोपं आहे असं मी म्हणणार नाही.

दुसरं दार ॲट्रॉसिटीचं, म्हणजे १९८९ चा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध कायदा. या समाजातल्या बाईचा किंवा पुरुषाचा बाहेरच्या जातीच्या माणसाने लोकांच्या नजरेसमोर मुद्दाम पाणउतारा केला, किंवा जातीवरून शिवी दिली, तर सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. इथे 'लोकांच्या नजरेसमोर' हे शब्द महत्त्वाचे. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी नसताना झालं, तर कोर्ट हे कलम लावत नाही. पण रस्त्यावरून दिसणारं अंगण लोकांच्या नजरेसमोरच धरलं जातं.

तिसरं दार घरातल्या शिव्यांसाठी. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात नुसती मारहाण नाही. घालून पाडून बोलणं, नावं ठेवणं, मूल होत नाही किंवा मुलगा होत नाही म्हणून टोमणे मारणं, हीसुद्धा हिंसा आहे असं त्यात लिहिलेलं आहे. 'वांझ' म्हणणं कायद्याच्या पुस्तकात हिंसा आहे, मैत्रिणींनो. यात लगेच कुणी तुरुंगात जात नाही. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत कोर्टाकडून संरक्षणाचा आदेश मिळवायचा. तो आदेश मोडला, तर मात्र एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. संरक्षण अधिकारी कुठे बसतात हे अंगणवाडीच्या ताईंना विचारा.

आता त्या बैठकीकडे परत येते. मी तिला विचारलं, "तो नेमकं काय बोलला?" तिने मान खाली घातली. "ते तोंडाने सांगवत नाही." आणि अडलं होतं ते इथेच. 'घाण बोलला' एवढ्यावर कायद्याला काही ऐकू येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एका खटल्यात म्हटलं की नुसतं 'घाणेरडी भाषा वापरली' एवढं लिहिलं, शब्द आणि प्रसंग सांगितला नाही, तर बाईच्या लज्जेचा अपमान सिद्ध होत नाही. शिवी देणाऱ्याला लाज वाटली नाही आणि सांगणारीला वाटली. त्या लाजेपोटी कलम ७९ चं दार तिच्यापुढे बंद राहिलं.

मग एका म्हाताऱ्या मावशींनी वही पुढे ओढली. म्हणाल्या, "ते शब्द त्याचे आहेत, तुझे नव्हेत. तू सांग, ही लिहील." दार लावून घेतलं. तिने सांगितलं, एकीने लिहिलं. जसेच्या तसे शब्द, तारीख, वेळ, जागा, नळावर कोण कोण होतं त्यांची नावं. दोघी जणी साक्षीला तयार झाल्या. उशीर का झाला तेही लिहिलं. तो कागद घेऊन आम्ही तालुक्याच्या विधी सेवा समितीत गेलो. बाईला तिथे वकील फुकट मिळतो, तिची कमाई कितीही असो. फोन करायचा तर १५१०० हा नंबर लक्षात ठेवा. अर्ज दिला आहे. पुढे काय होईल ते कोर्ट बघेल.

तर असा प्रसंग आला, की त्याच दिवशी शब्द लिहून ठेवा. लिहिता येत नसेल तर मोबाईलमध्ये स्वतःच्या आवाजात बोलून ठेवा. मेसेज आला असेल तर रागाने पुसून टाकू नका. उलट शिवी देऊ नका, नाहीतर दोन्हीकडून नोंद होते आणि खरं काय ते हरवतं. आणि घडलं तेवढंच सांगा. एक खोटा शब्द घातला, की बाकीचे खरे शब्दही खोटे ठरतात.

जाता जाता एक सांगते. अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवासा तालुक्यात सौंदाळा नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ठराव केला की आईबहिणीवरून शिवी देणाऱ्याला पाचशे रुपये दंड. भांडण दोन पुरुषांचं, बांधावरचं, आणि शिवीत ओढली जाते घरात बसलेली बाई. हे त्या गावाने ओळखलं. आपणही ग्रामसभेत बसतो, हात वर करतो. पुढच्या ग्रामसभेत हा विषय तुमच्या गटाने मांडून बघा. आणि त्याआधी आपल्याच ओट्यावर एकदा बघा. 'पांढऱ्या पायाची', 'वांझोटी', 'टाकलेली' हे शब्द आपल्याही तोंडी येतात. ते ऐकणारी बाई तक्रार करायला कुठे जाईल?

तुमच्या गटात या विषयावर बोला आणि काय बोलणं झालं ते रेडिओवर कळवा. नावं सांगायची गरज नाही. येते मी. रामराम.