यंत्राची रोजकीर्द



दिल्लीच्या दक्षिणेस फरीदाबाद येथे इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये त्याचे उद्घाटन झाले. जनुकक्रमांसारखी माहिती जतन करण्यासाठी तेथे सुमारे 4 पेटाबाइट साठवण योजिली आहे. अशा केंद्रातील सर्व्हर आपले नेमलेले काम करीत असता एक रोजकीर्दही लिहीत असतो : कोण आत आले, केव्हा आले, कोणाचा परवलीचा शब्द चुकला. हिलाच लॉग म्हणतात.

ही कीर्द त्याच यंत्रात राहिली, तर आत शिरलेला चोर जाताना नेमकी आपलीच पाने फाडून नेतो. म्हणून नोंद होताच तिची प्रत दुसऱ्या, स्वतंत्र यंत्राकडे पाठविण्याची पद्धत पडली. त्यासाठी सर्वत्र रूढ झालेली ‘सिसलॉग’ ही योजना एरिक ऑलमन यांनी 1980 नंतरच्या दशकात बर्कली येथे तयार केली.

तेथीलच लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत 1986 साली क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञास हिशेबात 75 सेंटांची तफावत आढळली. घुसखोराचा माग काढण्यासाठी त्यांनी बाहेरून येणाऱ्या तारांना छपाईयंत्रे जोडली. संगणकातील अक्षर पुसता येत होते; कागदावर उमटलेले नव्हे. तो माग अखेर पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हर शहरी पोचला.

मूळ सिसलॉग मात्र साध्या टपालासारखा होता. नोंद पाठवी, पोच मागत नसे. वाटेत ती गहाळ झाली तरी कोणास पत्ता लागत नसे. पोच घेण्याची आणि मजकूर सांकेतिक रूपात पाठविण्याची सोय पुढे झाली.

अनेक यंत्रांच्या नोंदी एकत्र आल्या, की घड्याळांचा प्रश्न उभा राहतो. दोन घड्याळांत तीन मिनिटांचे अंतर असले, तर परिणाम कारणाच्या आधी घडलेला दिसतो. ‘सर्ट-इन’ या भारत सरकारच्या संस्थेने 28 एप्रिल 2022 रोजी दिलेल्या निर्देशांत म्हणूनच घड्याळे नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटर किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळविण्यास सांगितले आहे. डेटा सेंटरे व सरकारी संस्थाही त्यांच्या कक्षेत येतात. लॉग 180 दिवस जपावेत, असेही त्यांत आहे. ही मुदत तोकडीच म्हणावी लागेल. स्टोल यांचा पाठलाग त्याहून अधिक काळ चालला होता.

आणखी एक दक्षता हवी, आणि तीच बहुधा राहून जाते. नोंदी जेथे जमतात त्या यंत्राची किल्ली सर्व्हर चालविणाऱ्याकडे असू नये.