नाही म्हणणारा यजमान

फाल्गुन लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील घराघरांतून आणि शाळाशाळांतून कोकणात उतरण्याचे बेत सुरू होतात. निपाणीकर राधानगरीवरून फोंडा घाट उतरतात. बेळगावकर आंबोली उतरून सावंतवाडी गाठतात. समुद्र या भागाला परका नाही. एके काळी घाटावरचा माल वेंगुर्ल्याच्या बंदराकडे याच वाटांनी जात असे. आज माल जात नाही, माणसे जातात. समुद्रकाठी जाऊन राहणारी ही माणसे त्या किनाऱ्याला काय देतात आणि त्याचे काय घेतात, हा आजच्या विचाराचा विषय आहे.

या प्रश्नाचे एक चांगले उत्तर रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला सापडते. मंडणगड तालुक्यात, सावित्री नदीच्या मुखाजवळ वेळास नावाचे लहानसे गाव आहे. नाना फडणीसांचे मूळ गाव म्हणून इतिहासाच्या वाचकांना ते ठाऊक असेल. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे कार्यकर्ते भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने समुद्रगरुडाची पाहणी करीत किनाऱ्याने फिरत असता त्यांना येथील वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफले आढळली. ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या हिवाळ्याच्या रात्री येथे वर येतात, वाळूत सुमारे दीड फूट खोल खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालतात, खड्डा बुजवतात आणि परत समुद्रात जातात. त्यानंतर त्या अंड्यांकडे त्या पुन्हा फिरकत नाहीत. मागे राहतो तो वाळूवरचा माग. आणि तो माग कुत्र्यांना, कोल्ह्यांना व माणसांनाही नेमका वाचता येतो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या प्राण्याला सर्वांत कडक संरक्षण दिले आहे. किनारा नियमनाच्या अधिसूचनांनीही कासवांच्या अंडी घालण्याच्या जागा सर्वांत नाजूक वर्गात घातल्या आहेत. परंतु कायदा काही रात्री दोन वाजता वाळूवर उभा राहू शकत नाही. तेथे माणूसच लागतो, आणि तो गावचाच लागतो. माग ओळखणारी नजर गावात होतीच. तीच राखणीला लावण्यात आली. सापडलेली अंडी कुंपणाच्या आत, मूळ घरट्याच्या मापाचा खड्डा करून पुरण्यात येऊ लागली. सुमारे पन्नास दिवसांनी पिले वर येऊ लागतात. त्या सुमारास घरट्यावर टोपली उपडी घालतात, सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहतात आणि निघालेली पिले पाण्यापासून काही अंतरावर वाळूवर सोडतात. पुढचे अंतर त्यांनी स्वतः चालून जायचे असते.

हे दृश्य पाहण्यास लोक यावेत आणि त्यांच्या येण्याने राखणीला बळ मिळावे, या हेतूने २००६ साली वेळासला कासव महोत्सव सुरू झाला. पाहुण्यांसाठी हॉटेल उभारले नाही. ते गावकऱ्यांच्या घरी उतरतात, पडवीत झोपतात, घरात शिजेल ते जेवतात. त्या जेवणाचे व मुक्कामाचे पैसे थेट त्या घरात जातात. वाळूत पुरलेल्या अंड्याला अशा रीतीने गावाच्या संसारात स्थान मिळाले.

येथवरची गोष्ट गोड आहे. खरी परीक्षा यापुढे सुरू होते. पिले कोणाच्या रजेचे दिवस पाहून वर येत नाहीत. दूरवरून आलेला पाहुणा दोन दिवस राहतो आणि टोपलीखाली काहीच नसते. मग तो म्हणतो, एखादे घरटे जरा उकरून पाहा. ज्याला पिलू दिसते, तो म्हणतो, क्षणभर मुलाच्या हातावर ठेवा, एक छायाचित्र काढतो. अतिथीला देव मानण्याची आपली रीत. त्यातून हा पैसे देणारा अतिथी. त्याला यजमान नाही म्हणू शकतो काय? किनाऱ्यावरील कोणत्याही निसर्ग-शिबिराचे भवितव्य या एका प्रश्नावर अवलंबून आहे.

नाही म्हणण्याचे सामर्थ्य स्वभावातून कमी आणि हिशेबातून अधिक येते. ज्याने कर्ज काढून दहा खोल्या बांधल्या, त्याला त्या बारा महिने भराव्याच लागतात. त्याने किनाऱ्यावर दिवे लावू नयेत, वाद्ये वाजवू नयेत, अशी अपेक्षा कितीशी फळणार? उलट ज्याची आंब्याची कलमे आहेत, सुपारीची बाग आहे, होडी आहे, आणि पाहुण्यांचे उत्पन्न ज्याला दोन महिन्यांची जोड आहे, तो एखादा पाहुणा रागावून गेला तरी उपाशी राहत नाही. दुसरी गोष्ट अशी की, नियम एकट्या घराचा असता कामा नये, गावाचा असला पाहिजे. एका घराने नकार दिला आणि शेजाऱ्याने होकार दिला, तर नकार देणाराच मूर्ख ठरतो.

यजमानाने मोजायच्या गोष्टी साध्या आहेत. पहिली, विहिरीचे पाणी. कोकणात पाऊस उदंड असला तरी चैत्र-वैशाखात विहिरींचा तळ दिसू लागतो. तेव्हा पाहुण्यांची संख्या खाटांवरून न ठरवता विहिरीवरून ठरवावी. दुसरी, शौचकूप. वाळूच्या जमिनीत मैलापाणी झपाट्याने झिरपते. शोषखड्डा विहिरीपासून दूर व उताराच्या खालच्या अंगाला हवा. तिसरी, दिवा. पिले उजेडाच्या दिशेने चालतात. समुद्रावरचे रात्रीचे आकाश हाच त्यांचा वाटाड्या. मागच्या बाजूला तीव्र दिवा असेल तर ती जमिनीकडे वळतात आणि मरतात. चौथी, केरकचरा. घाटावरून आणलेली प्लॅस्टिकची पिशवी घाटावरच परत गेली पाहिजे, कारण लहान गावाजवळ तिची विल्हेवाट लावण्याचे साधन नसते. आणि पाचवी, वाहन. गाडीच्या चाकांनी दाबलेली वाळू अंड्यांना आणि पिलांना सारखीच घातक असते.

या गोष्टी हाताबाहेर गेल्यावर काय होते, हे पाहण्यास गोव्याच्या मोरजी किनाऱ्यापर्यंत जावे. कासवे तेथेही येतात आणि वनखाते तेथेही घरट्यांना कुंपण घालते. परंतु भोजनगृहांचे दिवे आणि रात्रीचा गोंगाट यांच्याशी त्या राखणीला सतत झगडावे लागते. गर्दी आधी आणि नियम मागाहून, असा क्रम पडला की नियम पाळणाऱ्यापेक्षा पाळवून घेणाऱ्याचे हाल अधिक.

क्रम उलटा ठेवल्याचे उदाहरण बेळगावकरांच्या नेहमीच्या वाटेवर, वेंगुर्ल्यातच आहे. तेथील मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या स्त्रिया २०१७ पासून पाहुण्यांना होडीतून कांदळवन दाखवतात. होड्या त्या स्वतः वल्हवतात, आणि तिवर कोणता, कांदळ कोणते, चिपी कोणती हे ओळखून सांगतात. होडी वल्ह्याची, म्हणून खाडीत ना धूर ना गोंगाट; आणि वल्हवणाऱ्या हातांना मर्यादा आहे, म्हणून फेऱ्यांनाही मर्यादा आहे. साधनच असे निवडले की मर्यादा आपोआप पाळली जाते.

या सगळ्या सायासाचे फळ एका गावापुरते नाही. २०२२ च्या जानेवारीत वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारे यंत्र बसविण्यात आले. तिचे नाव प्रथमा. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली खुणेची पट्टी लावलेली एक मादी २०२५ साली गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली. पूर्व किनाऱ्याचा प्राणी पश्चिम किनाऱ्याचाही आहे, हे त्या पट्टीने दाखविले. एका गावातील दिवा विझविल्याचा लाभ असा दुसऱ्या समुद्रालाही होतो.

तेव्हा सहलीचा बेत आखणाऱ्या शिक्षकांनी आणि पालकांनी ठिकाण निवडताना एक नवी कसोटी लावावी. खोलीत वातानुकूलन आहे काय, हे विचारण्याऐवजी येथे काय करण्यास मनाई आहे, हे विचारावे. जेथे उत्तर मिळेल की काहीच मनाई नाही, तेथे दहा वर्षांनी पाहण्यासारखे फारसे उरणार नाही. हीच कसोटी खानापूर तालुक्यातील भीमगडच्या अरण्यालाही लागू आहे. मुलांनाही निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे की पिलू दिसेल किंवा दिसणार नाही. न दिसले तर रिकामी टोपली पाहून परतावे, यजमानाचे ठरलेले पैसे पूर्ण द्यावेत आणि त्याचे आभार मानावेत. त्याचा नकार सोपा करणे, हे पाहुण्याच्या हाती असलेले सर्वांत मोठे निसर्गरक्षण आहे.