पाळीव बेडकाचें दुखणें कसें ओळखावें?



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस हसूं आलें असेल. कुत्रा आजारी पडला तर कण्हतो, मांजर कोपरा धरून बसतें. पण बेडकाला काय होणार, आणि झालें तरी तें ओळखायचें कशासाठीं, असें कोणी विचारील. दोन वर्षांपूर्वीं मीही असेंच विचारलें असतें. मी पशुवैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शाळामास्तर आहें. जें सांगणार आहें, तें एका चुकीमुळें शिकलों.

माझ्या नातवाच्या वाढदिवसाला एका स्नेह्यानें पांढरा बेडूक आणून दिला. हा आपल्या पावसाळी डबक्यांतला बेडूक नव्हे. त्याचें मूळ घर आफ्रिकेच्या दक्षिण भागांत असून तो जन्मभर पाण्यांतच राहतो. श्वास घेण्यापुरता काय तो वर येतो. मागच्या पायांच्या तीन-तीन बोटांस नखें असतात, म्हणून त्यास नखवाला बेडूक म्हणतात. शास्त्रीय नांव झेनोपस लेव्हिस. त्याला जीभ नसते; घास तो पुढच्या दोन्ही हातांनीं तोंडांत लोटतो. नीट सांभाळला तर तो पंधरा वर्षें आणि त्याहूनही अधिक जगतो. आमच्या घरीं तो चार महिने जगला.

एके दिवशीं नातू धांवत येऊन म्हणाला, “आजोबा, बघा ना, तो गुलाबी झाला!” मीं चष्मा लावून पाहिलें. पोट आणि मांड्यांची आंतली बाजू खरोखरच तांबूस दिसत होती. “अरे, तब्येत सुधारली त्याची,” मीं सांगून टाकलें. आदल्या दिवशीं टाकलेले गांडुळाचे तुकडे तळाशीं तसेच पडून होते, तेंही मीं पाहिलें होतें. तिसऱ्या दिवशीं सकाळीं बेडूक मेलेला आढळला. पुढें एका पशुवैद्यांकडून कळलें कीं, ती लाली म्हणजे कातडीखालीं झालेला रक्तस्राव. या विकाराला ‘लाल पाय’ असें म्हणतात. एरोमोनास जातीचे जंतू त्यास बहुधा कारण होतात. हे जंतू पाण्यांत एरवींही असतात. पाणी बिघडलें आणि बेडूक अशक्त झाला, म्हणजे त्यांचें फावतें.

नातवानें विचारलें, “त्याला दुखत होतें, तर त्यानें सांगितलें कां नाहीं?” चौतीस वर्षें मीं वर्गांत हजेरी घेतली. दंगा करणाऱ्या मुलाकडे मास्तरांचें लक्ष आपोआप जातें. जो एकाएकीं गप्प होतो, त्याच्याकडे जावयास हवें, तें राहून जातें. बेडकानें सांगितलें होतें; मला वाचतां आलें नाहीं.

म्हणून पहिली गोष्ट ही कीं, आजाराचीं लक्षणें पाठ करण्यापूर्वीं आपल्या बेडकाची निरोगीपणींची रीत पाठ करावी. तो कोठें बसतो, घासावर कसा तुटून पडतो, किती चपळाईनें वर येऊन परततो, हें ठाऊक असेल तरच त्यांतला बदल डोळ्यांत भरतो.

सर्वांआधीं बदलते ती भूक. हा प्राणी मूळचा खादाड. त्यानें लागोपाठ दोन वेळां घास नाकारला, तर कारण शोधलेंच पाहिजे. त्यानंतर हालचाल पाहावी. निरोगी बेडूकही पृष्ठभागाशीं तरंगत राहतो, पण मनांत येतांच बुडी मारतो. खालीं जाण्याची धडपड करूनही जो वरच येतो किंवा एका अंगावर कलंडतो, तो आजारी समजावा.

मग कातडी. बेडूक वेळोवेळीं पातळ पापुद्र्यासारखी कात टाकतो आणि बहुधा ती खाऊनही टाकतो. त्यानें घाबरूं नये. परंतु कात तुकड्यातुकड्यांनीं वारंवार निघूं लागली, अंगावर कापसासारखे पुंजके दिसले, डोळा गढूळ झाला, तर तें दुखणेंच होय. १९९९ मध्यें शास्त्रज्ञांनीं जिचें नामकरण केलें, त्या कायट्रिड बुरशीनें जगांतील बेडकांच्या कित्येक जातींचा संहार केला आहे. ती कातडीवर वाढते, कातडीवाटे होणारी क्षारांची देवघेव बिघडवते आणि अखेर हृदय बंद पडतें. नखवाला बेडूक वरून धडधाकट दिसत असतांही ही बुरशी बाळगूं शकतो. म्हणून असा बेडूक किंवा त्याच्या टाकीचें पाणी नदींत वा तळ्यांत कदापि सोडूं नये.

चौथें लक्षण सूज. मादी अंड्यांनीं भरली म्हणजे कमरेशीं रुंद होते, पण तिची भूक व चपळाई कायम असते. अंगांत पाणी सांचलेला बेडूक मात्र फुग्यासारखा सर्व बाजूंनीं फुगतो आणि मलूल पडतो.

असें कांहीं दिसल्यास काय करावें? प्रथम त्याला वेगळ्या भांड्यांत, तितक्याच उष्णतेच्या व क्लोरिन काढलेल्या पाण्यांत ठेवावें. मग टाकीचें पाणी तपासावें. विष्ठा व उरलेलें अन्न कुजून अमोनिया तयार होतो. पाणी कांचेसारखें स्वच्छ दिसलें तरी तो त्यांत असूं शकतो. या बेडकाला १८ ते २२ अंश सेल्सिअसचें पाणी मानवतें. आपल्या उन्हाळ्यांत हें विशेष सांभाळावें. माशांचें औषध अंदाजानें ओतूं नये. बेडकाची कातडी पाण्यांतलें सारें शोषते, आणि तांबें असलेलें औषध तर त्याला विषच. पशुवैद्यांस गांठावें, हें उत्तम. बेडकाच्या अंगावर साल्मोनेला जंतूही असूं शकतात. म्हणून टाकींत हात घातल्यावर, विशेषतः मुलांनीं, तो साबणानें धुवावा.

यंदा नातवानें दुसरा बेडूक आणला. टाकीशेजारीं आम्हीं एक वही टांगली आहे. एक दिवसाआड तो तींत लिहितो : जेवला, किंवा जेवला नाहीं, कातडी कशी, पाणी कधीं बदललें. गेल्या महिन्यांत ‘जेवला नाहीं’ असें दोनदां लिहिलेलें दिसलें. पाणी तपासलें, तर अमोनिया वाढलेला. दररोज थोडें थोडें पाणी बदललें, आणि पांचव्या दिवशीं नातवानें मोठ्या अक्षरांत लिहिलें, ‘जेवला!’

वहीचा खर्च फार नाहीं, श्रोतेहो. तेवढी प्रत्येक टाकीशेजारीं असावी.