मृगाची भाजी, दसऱ्याची फुले



रोहिणी लागल्या. राब भाजून झाले. कौले चाळून झाली. मृगाला आता दोन आठवडेही उरले नाहीत. म्हणून आज वर्गात आम्ही धडा बाजूला ठेवला आहे. घराभोवती यंदा कोणती भाजी लावायची, कोणती फुले लावायची आणि ती केव्हा लावायची, याबद्दल बोलू.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, हे काय आम्हाला शिकवायचं? आमचा जन्म मातीत गेला." खरे आहे. भात कसा लावावा हे आम्ही तुम्हाला मुळीच सांगणार नाही. पण भाताचा जेवढा विचार करता, तेवढा परसातल्या भाजीचा करता का? श्रावण-भादव्यात माणूस दिवसभर चिखलात राबतो आणि रात्री ताटात भात आणि पातळ आमटी. भाजी हवी तर बाजार गाठायचा, आणि भरपावसात भाजी महाग. लेकरे वाढायची, बाई अंगावर पाजणारी, आणि भाजी आठवड्यातून एकदा. घरामागे दोन वेल चांगले चढले तर हे दिवस टळतात.

आधी जमीन पाहू. पानशेतचा मुलूख डोंगराचा. आपला जिल्हा एकच, पण पाऊस एक नाही. तिकडे इंदापूर, बारामतीला पाण्याची वाट पाहावी लागते. इकडे वेल्ह्यात पाण्याला वाट करून द्यावी लागते. तिकडचा माणूस वेलाला खोलगट आळे करतो, म्हणजे पाणी आत राहील. तसेच आळे आपण केले तर आर्द्रा नक्षत्रात वेलाची मुळे कुजतात. आता तुम्ही पुस्तके वाचू लागला आहात, म्हणून सांगतो. पुस्तकात 'आळे करा' असे लिहिले असेल, तर ते पुस्तक कोणत्या गावासाठी लिहिले आहे, हे आधी विचारा.

आपण काय करावे? दीड फूट लांब, दीड फूट रुंद आणि तेवढाच खोल खड्डा घ्यावा. तो आठ-दहा दिवस उन्हात तापू द्यावा. मग त्यात दोन पाट्या चांगले कुजलेले शेणखत आणि माती मिसळून भरावी. भरताना जमिनीच्या वर वीतभर उंचवटा करावा. बी त्या उंचवट्यावर लावावे. बाजूने पाणी जायला चर काढावा. आणि एक गोष्ट ध्यानात असू द्या, पागोळीच्या खाली काहीही लावू नये. छपराचे पाणी कोवळ्या रोपाची मान मोडते.

बी लावायच्या आधी मांडव उभा करावा. पाऊस सुरू झाला की हाताला सवड मिळत नाही आणि वेल तोवर जमिनीवर लोळतो. बांबूचे खांब, वर कारवीच्या काठ्या, एवढे पुरते. उंची अशी ठेवा की घरातल्या बाईचा हात फळाला पोचेल. मांडवावर फळ लोंबते, मातीला लागत नाही, म्हणून सडत नाही. पडवळ वाकडे होत असेल तर त्याच्या टोकाला लहानसा दगड बांधतात, ती जुनी रीत चांगली आहे.

मांडवावर काय चढवावे? दोडका, घोसाळे, पडवळ, कारले, दुधी, काकडी. सगळे लावायची हौस नको. घरात जे खातात तेच लावा. पाच माणसांच्या घराला दोन दोडके, एक दुधी आणि एक कारले असे चार खड्डे आमच्या मते पुष्कळ झाले. तांबडा भोपळा गोठ्याच्या छपरावर सोडावा. तो पिकला की महिनोन्महिने टिकतो. अळू आणि कर्दळ यांना ओल आवडते, त्यांना मोरीच्या पाण्यावर ठेवा. भेंडी बांधावर लावा, खाचरात नको. माठ आणि अंबाडी निचऱ्याच्या वाफ्यात येतात. वांगी-मिरचीचे बी राबाच्या एका कडेला टाकावे. तिथली माती भाजलेली असते, त्यामुळे तण कमी उगवते.

काय लावू नये, हेही सांगायला हवे. टोमॅटो आपल्या पावसात करपतो. मेथी, कोथिंबीर सडते. गवारीला पाणी साचलेले खपत नाही. कोबी-फ्लॉवर तर थंडीचे पीक. हस्त सरू द्या, मग त्यांचे पाहू. मृगात टाकलेला दोडका साधारण दोन महिन्यांनी फळाला येतो, म्हणजे श्रावणाच्या सुमारास. तोवर रान आहेच. टाकळा, कुर्डू, मागाहून करटुली, ही भाजी कुणी पेरलेली नाही. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही असे आपण पाळतो, त्या दिवशीची भाजी बहुतेक सारी परसातलीच असते.

आता बियांची गोष्ट. घरचे बी असेल तर दहा बिया मोजा. ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा, फडके सुकू देऊ नका. आठ दिवसांनी उघडा. दहांपैकी सात-आठ उगवल्या तर बी चांगले. चारच उगवल्या तर ते बी भाजी म्हणून कुणाला देऊ नका आणि स्वतःही लावू नका. कारल्याच्या बीची साल जाड असते, ते रात्रभर पाण्यात भिजवावे.

बी विकत आणले तर पाकीट वाचा. इतके दिवस पाकिटावरचे चित्र पाहून आपण बी घेत होतो. चित्र तर सगळ्याच पाकिटांवर सुंदर असते! मागच्या बाजूला बारीक अक्षरात खरी माहिती असते. बी कधी तपासले, ते कुठवर चालेल, शंभरातले निदान किती उगवेल, हे तिथे छापलेले असते. मुदत संपलेली असेल तर पाकीट परत करा, दुकानदार ओळखीचा असला तरी. पावती मागून घ्या आणि रिकामे पाकीट फेकू नका. बी लाल किंवा निळ्या रंगाचे दिसले तर त्याला औषध चोळलेले आहे असे समजा. ते विषारी असते. मुलांच्या हाती देऊ नये, उरले तर कोंबड्यांनाही टाकू नये. पाकिटावर 'संकरित' असे लिहिले असेल, तर त्या वेलाचे बी पुढच्या वर्षी धरू नका. फळ आईसारखे येईलच असे नाही.

गेल्या पावसाळ्यात एका बाईंनी वर्गात विचारले, "गुरुजी, वेल मांडवभर झाला, फुलं बी लई आली, पण दोडका एक नाही. कुणाची दिष्ट लागली काय?"

दिष्ट नाही. या वेलांवर दोन जातींची फुले येतात. आधी येतात ती नर फुले. ती गळून जातात, त्यांना फळ धरत नाही. मागून मादी फुले येतात. मादी फुलाच्या मागे देठाशी बोटाएवढे लहान फळ आधीपासून दिसते. नर फुलातला पिवळा पराग मादी फुलाला लागला तरच ते फळ वाढते, नाहीतर पिवळे पडून गळते. हे काम माशी करते. पण आपल्याकडे चार चार दिवस झड लागते, तेव्हा माशी बाहेर पडत नाही. मग ते काम आपण करावे. नर फूल खुडावे, त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि मधला पराग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवावा. दोडका आणि दुधी संध्याकाळी उमलतात, तेव्हा हे काम दिवेलागणीला करावे. तांबडा भोपळा पहाटे उमलतो, त्याचे काम सकाळी. त्या बाईंनी तसे केले. पुढे त्यांनी वर्गात सगळ्यांना दोडके वाटले.

आता फुलांकडे वळू. घरी जास्वंद, कण्हेर, गोकर्ण असतेच. गौरीला तेरडा रानात मिळतो. पैसा देणारे फूल म्हणजे झेंडू. झेंडू आपल्या दाराच्या तोरणात इतका बसला आहे की तो परका वाटत नाही. पण तो, मिरची आणि तांबडा भोपळा, ही तिन्ही मूळची अमेरिकेकडची, समुद्रावरून आलेली.

झेंडूत लोक फसतात ते तारखेत. भाजी आपण नक्षत्रावर लावतो आणि ते बरोबर आहे, कारण नक्षत्रे सूर्यावर चालतात. मृग दरसाल 7 किंवा 8 जूनला लागतो. पण सण तिथीवर येतात, आणि तिथी चंद्रावर चालते. 2023 साली अधिक श्रावण होता, दसरा 24 ऑक्टोबरला आला. 2024 साली तो 12 ऑक्टोबरला आला. 2025 साली 2 ऑक्टोबरला. दोन वर्षांत बावीस दिवसांचा फरक पडला! जो माणूस दरसाल एकाच नक्षत्रात झेंडू टाकतो, त्याची फुले एखाद्या वर्षी दसरा झाल्यावर उमलतात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पुण्याच्या मार्केट यार्डात ज्या फुलासाठी गर्दी असते, तेच फूल दुसऱ्या दिवशी कुणी विचारत नाही.

म्हणून दसऱ्यापासून मागे मोजा. बी टाकल्यापासून रोप लावणीला यायला सुमारे 25 ते 30 दिवस लागतात. लावल्यापासून फुले भरात यायला सुमारे 60 दिवस. म्हणजे एकूण 90 दिवस धरा. 2025 साली बी 4 जुलैला टाकायला हवे होते, 2024 साली 14 जुलैला आणि 2023 साली 26 जुलैला.

जुलै म्हणजे आपल्याकडे काय, हे सांगायला नको. 12 जुलै 1961 रोजी आंबी नदीवरचे पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यात पूर आला, तो हाच महिना. अशा पावसात उघड्या वाफ्यावर झेंडूचे बी टिकत नाही. गादीवाफा वीतभर उंच करावा. त्यावर बांबूच्या कामट्यांची कमान करून प्लॅस्टिकचा कागद टाकावा. दोन्ही टोके वाऱ्याला उघडी ठेवावीत. पाटीत माती भरून ओसरीच्या कडेला रोपे केली तरी चालते, पण उजेड हवा. अंधारात रोप उंच आणि लेचेपेचे होते.

लावणी उताराच्या वरकस जमिनीत करावी, दीड-दीड फुटावर. रोप धरले की शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटतात. मात्र शेंडा खुडला की फुले थोडी लांबतात, तेही मोजणीत धरा. खुडलेले जून शेंडे टाकू नका. ओल्या मातीत खोचले तर त्यांनाही मुळे फुटतात.

फुले ओली असताना तोडून पोत्यात कोंबू नका. ती आत तापतात आणि पुण्याला पोचेपर्यंत काळी पडतात. पाणी झटकले गेल्यावर तोडावीत आणि करंडीत किंवा क्रेटमध्ये सैल भरावीत. सगळा माल एकाच दिवशी यार्डात नेऊ नये. भाव सकाळी एक असतो आणि दुपारी दुसरा. थोडा माल गावात, थोडा धरणाच्या रस्त्यावर बसून विकावा, शनिवार-रविवारी तिथे पुण्याची गाडी थांबतेच. आणि झाडे उपटू नका. दसऱ्यानंतर विसाव्या दिवसाच्या सुमारास लक्ष्मीपूजन येते, तोवर झाडे पुन्हा फुलतात.

पुढच्या वर्गाला येताना घरचे कॅलेंडर घेऊन या. यंदाच्या दसऱ्याची तारीख ज्याने त्याने स्वतः वाचायची आणि तिथून 90 दिवस मागे मोजून त्या चौकटीत पेन्सिलने खूण करायची. ज्यांच्या घरी दुधीचे किंवा दोडक्याचे जादा बी असेल त्यांनी मूठभर आणावे, येथेच वाटून घेऊ. आणि वेलांचे खड्डे उद्याच खणायला घ्या, ऊन आहे तोवर माती तापू दे.