गोल मोजावेत की फटके?

उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे बर्फावरच्या हॉकीत, प्रत्येक संघ आधी साखळी सामने खेळतो. मग १६ संघ बाद फेरीत जातात. सातपैकी चार सामने जिंकेल तो पुढे. अशा चार फेऱ्या जिंकल्या की स्टॅनले कप.

२०२२-२३ च्या साखळीत बॉस्टन ब्रुइन्सने ८२ सामन्यांत ६५ विजय आणि १३५ गुण मिळवले. दोन्ही विक्रमच! पण ९२ गुणांच्या फ्लोरिडा पँथर्सने १-३ अशा पिछाडीवरून त्यांना पहिल्याच फेरीत घरी पाठवलं.

असं होतं, कारण या खेळात गोल मोजकेच होतात. चेंडूऐवजी असलेली चकती एखाद्या खेळाडूच्या स्केटला लागून वळते आणि मालिका फिरते. फटके मात्र पुष्कळ असतात; म्हणून अभ्यासक गोलांऐवजी फटके मोजतात: नेमके, हुकलेले, अडवलेलेसुद्धा. या मोजमापाला ‘कॉर्सी’ म्हणतात. बफेलो सेबर्सचे तेव्हाचे गोलरक्षक प्रशिक्षक जिम कॉर्सी यांच्यावरून हे नाव पडलं.

२०१२ चा लॉस एंजेलिस किंग्ज संघ मला या मोजमापाचं उदाहरण म्हणून फार महत्त्वाचा वाटतो. पश्चिम विभागातून आठव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकानं बाद फेरीत आलेला. गोल करण्यात जवळजवळ लीगच्या तळाशी, पण फटक्यांच्या हिशेबात आघाडीच्या संघांच्या पंगतीत. त्यांनी बाद फेरीतल्या २० सामन्यांपैकी १६ जिंकून कप उचलला. अर्थात कॉर्सीत गोलरक्षक मोजला जात नाही, आणि त्यांचा जोनाथन क्विक त्या वर्षी बाद फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता.